न्यायासनावर कोण बसलंय, ते आधी मुलाला सांगा

जय ख्रिस्त, ताई.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नववीतला मुलगा रात्र-रात्र मोबाइलवर शेवटच्या काळाचे व्हिडिओ बघतो आणि मग दिवा मालवू देत नाही. मागच्या आठवड्यात तो शाळेतून आला तेव्हा तुम्ही खाली भाजी आणायला गेला होता. दार नुसतं लोटलेलं, पंखा चालू, ओट्यावर भात काढून ठेवलेला आणि घरात कुणीच नाही. त्याला वाटलं, आई वर घेतली गेली आणि मी मागे राहिलो. तुम्ही आलात तेव्हा तो मोरीच्या कोपऱ्यात बसून रडत होता. रात्री त्यानं दोन प्रश्न विचारले. सगळं देवाच्या हातात आहे आणि त्याला सगळं आधीच ठाऊक आहे, तर नरकात जाणारी माणसं त्यानं जन्माला का घातली? आणि आजीनं बाप्तिस्मा घेतला नव्हता, मग आता ती कुठे आहे?

तुम्हाला उत्तर सुचलं नाही, म्हणून त्याला कुशीत घेऊन प्रार्थना केलीत, असं लिहिलंय. त्या रात्रीपुरतं तेच योग्य होतं. आता उत्तराकडे वळू.

आधी माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. ठाणे, कळवा, ऐरोली असं करत तीस वर्षं पाळकीय सेवेत गेली. सुरुवातीच्या वर्षांत एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मी प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकावर संदेश दिला. कर्णे, टोळ, अग्नीचं सरोवर, सगळं अगदी रंगवून सांगितलं. सात-आठ जण रडत पुढे आले आणि संदेश फळाला आला असं मला वाटलं. फेब्रुवारीत एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांची दहा वर्षांची मुलगी रात्री तीन-तीनदा उठते आणि आईच्या नाकाशी हात धरून बघते, आई अजून आहे ना म्हणून. त्या घरी जाऊन मी त्या मुलीची माफी मागितली. त्या रात्री मी सांगितलं त्यातलं पुष्कळसं शास्त्रातच होतं. पण सिंहासनावर कोण बसलंय, हे सांगायचं राहून गेलं होतं. तेवढं राहिलं की बाकी सगळं खरं असूनही खोटं होतं.

म्हणून मुलासोबत आधी लूकचा एकोणिसावा अध्याय वाचा, अठ्ठाविसाव्या ओवीपासून. येशू गाढवीच्या शिंगरावर बसून यरुशलेमेत शिरतोय. लोक त्याला राजा म्हणून ओरडताहेत आणि तो त्यांना गप्प करत नाही. म्हणजे सत्ता त्याचीच. शहर दिसतं तेव्हा तो त्या शहराचा निकालही सांगतो: शत्रू वेढा घालतील, दगडावर दगड राहणार नाही. इ.स. ७० मध्ये तीतसच्या रोमन सैन्यानं जवळपास तसंच केलं. आणि हा निकाल सांगताना राजा रडतोय. ‘शांतीच्या गोष्टी तुला कळल्या असत्या तर!’ असं म्हणत रडतोय.

सार्वभौमत्व, न्याय आणि प्रीती या तीन शब्दांवर जाडजूड ग्रंथ झालेत. मला मात्र ते तिन्ही या एका प्रसंगात जसे एकत्र दिसतात तसे दुसरीकडे कुठे दिसत नाहीत. व्हिडिओतल्या देवाच्या हाती निकाल असतो, पण डोळ्यांत पाणी नसतं. तो देव मला शुभवर्तमानात सापडत नाही.

आता ‘वर घेतलं जाणं’. मुलाला ज्यानं घाबरवलं ते हेच, म्हणून इथे थोडा थांबतो. विश्वासणारे अचानक, गुपचूप नाहीसे होतील, मागे राहिलेल्यांवर सात वर्षं महासंकट येईल आणि मग ख्रिस्त उघडपणे येईल, हा क्रम मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती चर्चच्या, पहिल्या अठराशे वर्षांत अशा रूपात शिकवला जात नव्हता. जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकांनी १८३० च्या दशकात त्याची मांडणी केली आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्ड संदर्भ बायबलच्या टिपांमधून ती घरोघरी पोचली. आपल्या मराठी मंडळ्यांत कित्येक देवभीरू माणसं हे मानतात, त्यांची श्रद्धा मी उणी लेखत नाही. पण ‘बायबल म्हणतं’ आणि ‘बायबलचा एक अर्थ असा लावला जातो’ यातला फरक नववीतल्या मुलाला नक्की कळतो.

ज्या वचनावर हे उभं आहे ते थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं, अध्याय चार. तिथे आपल्या मराठी बायबलात शब्द आहेत ‘प्रभूला सामोरे होण्यासाठी’. मूळ ग्रीक शब्द ‘अपांतेसिस’. एखादा मोठा पाहुणा शहराकडे यायला निघाला की लोक वेशीबाहेर जाऊन त्याला भेटत आणि वाजतगाजत आत आणत, त्या सामोरं जाण्याला हा शब्द होता. नव्या करारात तो आणखी दोन ठिकाणी येतो. दहा कुमारींच्या दाखल्यात त्या नवऱ्या मुलाला सामोऱ्या जातात, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटी रोममधले बंधू पौलाला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत येतात. दोन्हीकडे पुढे काय होतं? सामोरे गेलेले पाहुण्याबरोबर माघारी येतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गावच्या लग्नांत सीमांतपूजन व्हायचं. वऱ्हाड शिवेवर आलं की मुलीकडची माणसं पुढे जाऊन नवरदेवाला मानानं घेऊन यायची. नवरदेवाला भेटायला शिवेवर गेलेली माणसं तिकडूनच पसार झाली, असं कुणी कधी ऐकलंय का? राजा इकडे येतोय. बायबलचं शेवटचं चित्रही तेच आहे. नवी यरुशलेम स्वर्गातून खाली उतरते आणि देवाचा डेरा माणसांमध्ये पडतो.

‘शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल’ हे वचनही मुलगा विचारील. त्याला मत्तय २४ मधली त्याच्या आधीचीच ओवी दाखवा. नोहाच्या काळी जलप्रलय आला आणि ‘सर्वांना घेऊन गेला’. तिथे घेतले गेले ते वाचलेले नव्हते, उरला तो नोहा. नुसत्या एका ओवीवर एवढी भीती उभारण्याआधी शेजारच्या ओवीला विचारावं.

ख्रिस्त परत येण्याच्या तारखांबद्दल फार लिहीत नाही. विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. शेती तशीच टाकून लोक वाट बघत बसले आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितला. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असं पुत्र स्वतः मार्क १३ मध्ये सांगतो, तेव्हा यूट्यूबवरच्या भाईला तो ठाऊक असण्याचा प्रश्नच येत नाही. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातला श्वापदाचा आकडा ६६६ आणि लस, ६६६ आणि आधार कार्ड, हेही तसंच. पहिल्या शतकातल्या रोमन आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, मंडळ्यांना ते कोडं समोरच्या सम्राटाबद्दल असल्याचं कळत असावं. इब्री अक्षरांत ‘नीरो कैसर’ची बेरीज ६६६ भरते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, तीही त्याच नावाच्या दुसऱ्या रूपाची भरते. सम्राटाला देव म्हटल्याशिवाय बाजारात धंदा करता येईना, असा तो पेच होता. पुढच्याच अध्यायात कोकऱ्याच्या लोकांच्या कपाळावरही नाव लिहिलेलं आहे, ते कुणी व्हिडिओत दाखवत नाही. प्रश्न आपण कुणाचे, एवढाच.

आता मला खरं बोलायचंय ते न्यायाबद्दल. ‘देव प्रीती आहे, मग न्याय कशाला?’ हे मी बहुतेक अशा लोकांकडून ऐकतो ज्यांचं फारसं काही कुणी हिरावून घेतलेलं नाही.

ऐरोलीला असताना मंडळीत एक विधवा बहीण होत्या. त्यांचे यजमान ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते. टाकी साफ करायला उतरले आणि वर आलेच नाहीत. भरपाईच्या वेळी कळलं, की हजेरीपटावर त्यांचं नावच नव्हतं. कागदोपत्री तो माणूस तिथे कधी गेलाच नव्हता. बाईंकडे पुरावा म्हणून एकच वस्तू होती, फोटोचा कोपरा गळून गेलेला लॅमिनेशनचा गेटपास. तो त्या बायबलमध्ये ठेवायच्या. एकदा घरी प्रार्थनेला गेलो तेव्हा त्यांनी वाचायला बायबल माझ्या हाती दिलं आणि ते त्या पासाच्या जागी उघडलं. प्रकटीकरण, अध्याय वीस. लहानथोर मेलेले सिंहासनापुढे उभे आहेत आणि पुस्तकं उघडली जातात. मी वाचायचा थांबलो. त्या म्हणाल्या, “पाळकसाहेब, त्या पुस्तकात तरी ह्यांचं नाव असेल ना?”

याच अध्यायानं मी लोकांना कापरं भरवलं होतं. ती बाई त्याच अध्यायाच्या आधारावर रोज उठून चार घरची धुणीभांडी करत होती. न्यायाचा दिवस नसता, तर ठेकेदाराचा हजेरीपट हेच शेवटचं पुस्तक ठरलं असतं.

बायबलमध्ये न्याय हा शब्द आधी या माणसांचा आहे. ‘शास्ते’, म्हणजे न्याय करणारे, हे पुस्तक घ्या. एहूद, गिदोन हे आरोपीच्या पिंजऱ्यासमोर बसलेले न्यायाधीश नाहीत, गांजलेल्यांनी हाक मारली म्हणून देवानं उभे केलेले सोडवणारे आहेत. स्तोत्र ९६ मध्ये परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतोय म्हणून शेतं आनंदतात आणि रानातली झाडं गाऊ लागतात. झाडांना न्यायाचा आनंद का व्हावा, हे नवी मुंबईत राहणाऱ्यांना तरी कळायला हवं. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जासई-दास्तान आणि नवघरला जमिनीच्या हक्कासाठी उभे राहिलेले पाच जण गोळीबारात हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना त्या रक्तावर उभी आहे. त्या गावांत ‘न्याय’ म्हटलं की कुणी घाबरत नाही. लोक वाट बघतात.

आपल्या ठाण्याच्या मातीतही हीच हाक आहे. १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती इथे ठाण्यात विश्वासासाठी मारले गेले. जॉर्डेनस नावाच्या धर्मबंधूनं त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. तलावपाळीला सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चवरून जाताना मला प्रकटीकरणाचा सहावा अध्याय आठवतो. वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून ओरडताहेत, ‘हे स्वामी, किती काळ?’ देव त्यांना गप्प करत नाही, तुमचा प्रश्न अविश्वासाचा आहे असंही म्हणत नाही. प्रत्येकाला शुभ्र झगा देतो आणि थोडं थांबायला सांगतो. तलवार देत नाही. सूड देवाकडे सोपवला, म्हणून त्यांचे हात मोकळे राहिले. या चौघांची गोष्ट आज कुणाविरुद्ध वापरणाऱ्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा, एवढंच म्हणतो.

मग मुलाचा अवघड प्रश्न: देवानं नरकासाठी माणसं घडवली का?

ताई, यावर मंडळी चारशे वर्षांहून जास्त काळ भांडत आलीय. १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेनं, देव माणसाचा विश्वास आधीच पाहून त्याला तारणासाठी निवडतो, हे आर्मिनियस यांच्या अनुयायांचं म्हणणं फेटाळलं आणि देवाची निवड माणसाच्या कशावरही अवलंबून नाही असं ठरवलं. पुढे मेथडिस्ट चळवळीच्या वेस्लींनी उलट बाजू लावून धरली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अनेक पंथ मिळून उत्तर भारताची एक मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट असे दोन्ही वारसे एकाच बाकावर येऊन बसले. त्यामुळे तुमच्या शेजारी बसणाऱ्या आजोबांचं उत्तर माझ्याहून वेगळं असू शकतं आणि तेही प्रभूचेच आहेत.

माझं उत्तर असं. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायातला कुंभार मुलाला दाखवला गेला असेल: मातीनं कुंभाराला जाब विचारायचा नाही. खरं आहे. पण पौलाच्या मनात यिर्मयाचाही कुंभार असावा, आणि यिर्मया १८ मध्ये चाकावरचं भांडं बिघडतं तेव्हा कुंभार माती फेकून देत नाही, तिचंच दुसरं भांडं करतो. पौलाचं वाक्यही नीट बघा. दयेची पात्रं देवानं ‘पूर्वी सिद्ध केली’ असं तो लिहितो. क्रोधाच्या पात्रांपाशी मात्र ती ‘नाशासाठी सिद्ध झालेली’ एवढंच आहे, कुणी केली ते पौल लिहीत नाही, आणि त्यांनाही देवानं ‘मोठ्या सहनशीलतेनं’ वागवलं असं सांगतो. मत्तय २५ मध्येही तेच दिसतं. राज्य ‘तुमच्यासाठी’ सिद्ध केलेलं आहे. अग्नी सैतान आणि त्याच्या दूतांसाठी सिद्ध केलेला आहे. तिथे जाणाऱ्या माणसांसाठी ती जागा केलेलीच नव्हती. कॅथलिक बांधवांचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथही स्पष्ट म्हणतो, की देव कुणालाही नरकासाठी आधीच नेमत नाही.

म्हणून पुन्हा त्या शिंगरावर बसलेल्या राजाकडे येतो. सगळं आधीच लिहून ठेवलेलं नाटक असतं, तर यरुशलेम बघून आलेलं ते रडू अभिनय ठरलं असतं. ते मी मानू शकत नाही. देवाची सत्ता एवढी मोठी आहे, की तो माणसाचा नकार सोसू शकतो आणि तरीही इतिहास त्याच्या हातून निसटत नाही. क्रूस हा त्याचा पुरावा. सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं, त्याच नकारातून त्यानं तारण काढलं.

नरक आहे का? आहे असं मी मानतो, कारण येशू त्याबद्दल इतरांपेक्षा जास्त बोलतो. त्याचा शब्द ‘गेहेन्ना’, म्हणजे यरुशलेमेबाहेरचं हिन्नोमचं खोरं, जिथे एके काळी लोक आपली पोरं आगीत अर्पण करत. यिर्मया सांगतो, की हे देवाच्या मनातही कधी आलं नव्हतं. ती शिक्षा अनंतकाळ जाणवत राहणारी असेल की शेवटी सगळं विझून जाणारी असेल, यावर शास्त्र मानणाऱ्यांतच दोन मतं आहेत. अखेर सगळेच परततील अशी आशा ओरिगेन आणि निस्साचे ग्रेगरी यांनी तिसऱ्या-चौथ्या शतकात बाळगली होती. ती आशा मी प्रार्थनेत धरतो, शिकवण म्हणून देत नाही, कारण शेवटपर्यंत नाही म्हणता येतं हा इशारा येशूनं फार कळकळीनं दिलाय. पण पोराला तेरा-चौदाव्या वर्षी नरकाचा नकाशा देण्याची गरज नाही.

आता तुमची आई. तुम्ही लिहिलंय, त्या आयुष्यभर पंढरीला जात राहिल्या, आणि शेवटच्या आजारात तुम्ही प्रार्थना करायचात तेव्हा हात जोडून पडून असायच्या. दुसऱ्या एका घरी दफनानंतरच्या जेवणाला कुणी तुम्हाला सांगितलं की त्या नरकात आहेत. ताई, तसं म्हणायचा अधिकार त्या माणसाला नव्हता, मला नाही, कुठल्याही बिशपाला नाही. ती खुर्ची आमची नाही. योहान ५ मध्ये येशू म्हणतो, पित्यानं सगळा न्याय पुत्राच्या हाती दिलाय. तारण येशूखेरीज कुणाकडून नाही, हे मी ठामपणे मानतो. आणि नेमकं म्हणूनच तुमच्या आईचा निकाल माझ्या हाती नाही, त्याच्या हाती आहे. नियमशास्त्र न मिळालेल्यांच्या मनावर लिहिलेलं देव वाचतो असं रोमकरांस दोनमध्ये आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेनं १९६४ साली स्वच्छ लिहिलं, की स्वतःचा दोष नसता ज्यांना ख्रिस्त कळला नाही आणि जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत इतकं पुढे जायला बरेच जण कचरतील. मी अब्राहामापाशी थांबतो. सदोमासाठी देवाशी घासाघीस करताना तो म्हणाला, ‘सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश योग्य तेच करणार नाही का?’ एवढं धरून मी कित्येक कबरींवर माती टाकलीय.

मुलाला आजीबद्दल सांगताना खात्रीनं ‘स्वर्गात आहे’ म्हणू नका, तो नंतर पुरावा मागेल. ‘आजी येशूच्या हातात आहे’ म्हणा. हे शंभर टक्के खरं आहे. आणि मग प्रकटीकरणाचा पाचवा अध्याय उघडा. योहानाला सांगितलं जातं, ‘यहूदाचा सिंह बघ’. तो वळून बघतो तर सिंहासनाच्या मध्यभागी वधलेलं कोकरू उभं. पुढचे सगळे शिक्के तेच कोकरू उघडतं, कर्णे आणि न्याय त्यानंतरच येतात. मुलानं आजवर हा अध्याय गाळून पुढची पानं बघितली आहेत.

मोबाइल एकदम हिसकावून घेऊ नका. भीती तिथेच राहील आणि तो तुमच्यापासून लपवेल. एक व्हिडिओ त्याच्या शेजारी बसून बघा, मध्येच थांबवून विचारा, हे कुठल्या ओवीत आहे, आणि बायबल उघडून दोघं शोधा. दोन आठवडे झोपायच्या आधी प्रकटीकरण २१ आणि २२ वाचा, जिथे देव स्वतः डोळे पुसतो आणि नगरीच्या वेशी कधीच बंद होत नाहीत. महिनाभरानंतरही तो रात्री झोपत नसेल, तर समुपदेशकाकडे न्या. ते अविश्वासाचं लक्षण नाही, ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यासारखंच आहे.

शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ मी तलावपाळीच्या बाजूला असतो. त्याला घेऊन या, त्याचे प्रश्न त्याच्या तोंडून ऐकायचेत. आणि तोवर, खाली भाजी आणायला जाताना दारावर एक चिठ्ठी चिकटवत जा: ‘खाली गेलेय, दहा मिनिटांत येते. आई.’